दिल्लीपर्यंत न पोचलेलं खळं

संसदेच्या एका समितीसमोर मी एका बाईचं म्हणणं गिळून टाकलं, हे मी आजपर्यंत कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिला तर मी वेगळंच सांगितलंय: त्या दिवशी माझ्या मराठीचं कौतुक झालं. ते खोटं नाही. कौतुक झालं होतं. दुखणं नेमकं तेच आहे.

म्हैसूरच्या जयलक्ष्मीपुरम भागातल्या आमच्या गल्लीत मला शांत माणूस म्हणतात. शांत माणसाबद्दल लोकांचा एक गोड गैरसमज असतो, की त्याच्या पोटात काही नाही म्हणून तो गप्प आहे. मीही तो गैरसमज कधी दूर केला नाही. सोयीचा होता.

पण आधी माझ्या मराठीबद्दल सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

आमचं घराणं म्हैसूरचं. पूर्वज राजांच्या घोडदळात होते, असं वडील सांगायचे. घोडा आमच्यापैकी कुणी पाहिलेला नाही. पण दसऱ्याच्या मिरवणुकीत घोडेस्वार समोरून जायला लागले की वडील खुर्चीतून थोडे वर व्हायचे, जणू हजेरीत त्यांचंही नाव पुकारलं जाणार आहे. घरात मराठीच बोलायचं, असा त्यांचा नियम होता. मात्र ती मराठी कशी, तर ‘स्वल्प सरक’, ‘सुम्ने बस’, ‘बेगा ये’, म्हणजे थोडं सरक, गप्प बस, लवकर ये. क्रियापद तेवढं आमचं, बाकी सगळं शेजाऱ्यांचं. भाज्या कन्नड, आकडे कन्नड, लाडात येऊन बोलायचं तेही कन्नड. देवाशी भांडण मात्र शुद्ध मराठीत व्हायचं.

बायको साताऱ्याकडची. लग्न होऊन आली त्या आठवड्यात आईनं तिला सांगितलं, “त्याला मोसरू वाढ गं.” ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ आलीच नाही. जाऊन पाहिलं तर एकेका भांड्याचं झाकण उचलून बघत होती, यातलं मोसरू कोण म्हणून. दही समोरच होतं. तेव्हापासून तिला हक्काचा विषय मिळाला. “तुमची मराठी म्हणजे भाड्याच्या घरातलं सामान आहे,” ती म्हणते. “अर्धं मालकाचं, अर्धं तुमचं, आणि कुठलं कुणाचं ते तुम्हालाच ठाऊक नाही.”

मी हसून घेतो. घेत होतो. आतून मात्र लागायचं. साताऱ्याहून तिचे भाऊ आले की मी जास्तच शांत व्हायचो, त्याचं कारण हे.

मी इथल्या एका प्रशिक्षण संस्थेत शिकवतो. सरकारी अधिकारी आमच्याकडे येतात, हवामान बदलतंय तर गावांनी काय करायचं ते शिकतात, जेवतात, प्रमाणपत्र घेतात आणि जातात. कागदावर या विषयाला अनुकूलन म्हणतात. बायकोनं एकदा विचारलं, “म्हणजे नेमकं काय हो?”

“म्हणजे जे बदलणार आहे त्याच्याशी जुळवून घेणं.”

“मग मी लग्न झाल्यापासून तेच करतेय की,” ती म्हणाली. “माझी पाहणी करायला कुणी समिती नाही पाठवली.”

समिती आली, पण आमच्याकडे. देशाचा हवामान बदलाचा एक मोठा आराखडा असतो. मंत्रालय संसदेला सांगतं की एवढं एवढं झालं. ते खरंच झालंय का, हे बघायला संसदेच्या स्थायी समित्या असतात. त्यांत सगळ्या पक्षांचे खासदार बसतात. ते दिल्लीत अधिकाऱ्यांना बोलावून प्रश्न विचारतात आणि अधूनमधून दौऱ्यावर निघून जागेवर जाऊन पाहतात. पाहून अहवाल लिहितात. अहवाल सभागृहात ठेवला जातो, आणि त्यातली कुठली शिफारस मानली, कुठली नाही, हे सरकारला लेखी सांगावं लागतं. मी वर्गात हे फार तल्लीनतेनं शिकवतो. लोकशाहीतली ही सगळ्यात कमी गाजावाजा करणारी जागा आहे, असं एक वाक्य माझं ठरलेलं आहे. त्या वाक्याला अधिकारी डुलक्या घेतात.

तर ही समिती म्हैसूरला येणार म्हटल्यावर आमच्या संस्थेच्या अंगात आल्यासारखं झालं. झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना लागला. गोकुलमच्या नर्सरीतून कुंड्या भाड्यानं आल्या, त्यातल्या काहींवर किमतीच्या चिठ्ठ्या तशाच होत्या. चंदनाचे हार, म्हैसुरी पगड्या, तुपात निथळणारा म्हैसूरपाक. पृथ्वी तापते आहे या विषयावरच्या बैठकीसाठी सभागृहाचा एसी इतका वाढवला होता की आमचे संचालक शाल सन्मानासाठी ठेवलीय की पांघरायला, अशा नजरेनं तिच्याकडे बघत होते.

दौऱ्यावर आलेल्या खासदारांच्या गटाच्या प्रमुख एक वयस्क बाई होत्या. महाराष्ट्रातल्या. चष्मा नाकाच्या टोकावर, आणि समोरच्यानं गृहपाठ केलेला नाही हे आधीच कळलंय अशी नजर. आमच्याकडून दुभाषा म्हणून एका कॉलेजातले हिंदीचे प्राध्यापक बोलावले होते, कारण पुढे गावात जायचं होतं आणि गावातले लोक कन्नडच बोलणार. सगळं ठरलेलं होतं. मी तिथे फक्त कॉफी पोचतेय की नाही ते पाहत होतो.

आणि कपांचं तबक बाईंपुढे गेलं तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, “घ्या की बाई, स्वल्प काफी.”

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “तुम्ही मराठी?”

“हो बाई. घोडदळातले.”

हे मी का म्हणालो, देव जाणे. मी आयुष्यात घोड्यावर बसलेलो नाही. पण बाई खूश झाल्या. म्हणाल्या, “इतक्या लांब येऊन, इतक्या पिढ्या, आणि मराठी टिकवलीत! वा. मग दुभाषा कशाला? कन्नडचं हिंदी, हिंदीचं मराठी, एवढा वळसा कोण घालणार? हेच सांगतील मला सरळ.”

प्राध्यापकांनी सुटकेचा श्वास टाकला आणि मसाला डोशाच्या टेबलाकडे निघाले. संचालकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात नंतर दिवसभर कुठे ना कुठे जवळपासच होता.

मी नाही म्हणू शकलो असतो. ‘बाई, माझी मराठी घरापुरती आहे’ एवढं म्हणायला काहीच अडचण नव्हती, आणि हे वाक्य मला मराठीत येत होतं.

गाव कृष्णराजनगरच्या बाजूला. कावेरीचा कालवा उशाशी, सगळीकडे भात. कापणीचे दिवस होते. गावाच्या वळणावर आमच्या गाड्यांचा ताफा हळू झाला, कारण रस्त्यावर भात पसरलेलं होतं. अख्खी एक बाजू आणि निम्मी दुसरी. बायका झाडू घेऊन धावत आल्या, पण गाड्या पुढे सरकत होत्या. चाकांखाली दाणे कुरकुरल्याचा आवाज आला. बाई माझ्याच गाडीत होत्या.

“हे रस्त्यावर का वाळत घातलंय?” त्यांनी विचारलं.

मला कारण माहीत होतं. “पद्धत आहे बाई इथली,” मी म्हणालो.

कारण असं होतं. ज्या तळ्याची पाहणी करायला आम्ही चाललो होतो, ते गावाच्या खळ्यावर खणलेलं होतं. योजनेला गावाची सामाईक, सपाट, मोकळी जागा हवी होती. गावात तशी जागा एकच. पिढ्यान्‌पिढ्या तिथे भात झोडपलं जायचं, वाळायचं. तळ्याचा सल्ला आमच्या संस्थेचा. खाली प्लास्टिक अंथरलेलं, भोवती तारेचं कुंपण, आणि वर एक फलक, ज्यावर राष्ट्रीय आराखड्याचं नाव मोठं आणि गावाचं नाव छोटं.

तळ्याकाठी शामियाना होता. गावातली बचत गटाची प्रमुख बाई बोलायला उठली. वय साठीच्या आसपास, कमरेला पदर खोचलेला, हसरी. सगळं गाव तिला अक्का म्हणतं, आम्हीही तेच म्हणायला लागलो होतो. दिल्लीची माणसं समोर बसलीत याचं दडपण तिला अजिबात नव्हतं. उलट, पाहुणे चुकीच्या घरी आलेत आणि आता त्यांना नीट रस्ता सांगायला हवा, अशा मायेनं ती बोलली.

ती काय म्हणाली ते मी आता मराठीत लिहू शकतो. त्यानंतर मी मराठी शिकलो, बायकोकडूनच, ‘हौस’ म्हणून. ती म्हणाली:

“अम्मा, तुम्ही लांबून आलात, बरं वाटलं. तळं छान आहे. त्यात बेडूक झालेत, ते रात्रभर सरकारचे आभार मानतात, आम्हाला झोप नाही. पण अम्मा, आम्हाला पाणी कमी पडतं असं तुम्हाला कुणी सांगितलं? कालवा तर हा इथे आहे. आमचं वाटोळं पाणी नसताना होत नाही, नको तेव्हा येतं त्यानं होतं. पूर्वी पाऊस संपला की आम्ही कापणीला हात घालायचो. आता भात कापून पेंढ्या बांधल्या की पाऊस येतो. भिजलेल्या पेंढीला शेतातच मोड येतात. तेव्हा काय लागतं? उंच, कोरडी जागा. खळं. ते होतं आमच्याकडे, आणि तुम्ही तिथेच पाणी भरून ठेवलंत. आता आम्ही रस्त्यावर वाळवतो. तुमच्या गाड्या येताना त्यावरून आल्या, त्याचं काही नाही, पाहुण्यांच्या गाड्या आहेत. पण लॉऱ्याही जातात. आम्हाला एक खळं द्या, वर पत्रा टाकून द्या. आणि दुसऱ्या गावांत तळी खणणार आहात म्हणे. खणायच्या आधी त्यांच्या बायकांना विचारा, भात कुठे वाळवता म्हणून.”

एवढं बोलून ती माझ्याकडे वळली आणि हातानं खूण केली, सांगा सार.

बेडकांच्या वाक्याला गावकरी मोठ्यानं हसले होते. बाईही ते हसणं पाहून हसल्या होत्या आणि आता माझ्याकडे बघत होत्या.

मी तोंड उघडलं आणि माझ्याकडे शब्द नव्हते. भात झोडपतात त्या जागेला मराठीत काय म्हणतात ते मला येत नव्हतं. पेंढी येत नव्हतं. मोड येणं हे मला फक्त मटकीचं माहीत होतं. माझ्या घोडदळाचे घोडे एकेक करून खाली बसले. आणि पाठीमागे संचालक खाकरले. तळं त्यांचं लाडकं होतं.

मी म्हणालो, “त्या म्हणतात, तळं छान झालंय. पाणी आलं. सगळे समाधानी आहेत. आभार मानतात.”

आभार मानणारे बेडूक होते. ते मी गाववाल्यांच्या खात्यावर टाकले.

बाईंनी चष्मा वर केला. “एवढंच? त्या तर बराच वेळ बोलल्या.”

आणि मी विनोद केला. आयुष्यात मी चारचौघांत जे मोजके विनोद केलेत, त्यातला हा सगळ्यात यशस्वी. म्हणालो, “बाई, कन्नडमध्ये जरा लांबतं.”

सगळे हसले. खासदार हसले, संचालक फार हसले. आणि पाहुणे हसताहेत हे बघून अक्काही हसली. तिला वाटलं, तिचे बेडूक दिल्लीला आवडले.

“गोड बोलता हो तुम्ही मराठी,” बाई मला म्हणाल्या.

शब्द नव्हते हे खरं आहे. कितीतरी काळ मी स्वतःला एवढंच सांगत आलो. पण मला हिंदी येत होती. दुभाषे प्राध्यापक मागच्या गाडीत होते. आणि शब्द नव्हते तरी बोट होतं. रस्ता तिथून दिसत होता, रस्त्यावरचं भात दिसत होतं. मी बोट दाखवून नुसतं ‘ते’ म्हणालो असतो, तरी त्या बाईंनी पुढचं सगळं विचारून घेतलं असतं. त्या तशाच होत्या. मला बोट दाखवायचं नव्हतं. बाईंनी ‘वा’ म्हटलं होतं ना, ते मला परत द्यायचं नव्हतं. इतकं साधं आणि इतकं हलकं कारण आहे ते.

निघताना अक्का गाडीपाशी आली. माझ्या हातात एक पिशवी दिली. त्या दिवसांत इकडे अवरेकाळू येतात, वालाचे ओले दाणे, त्यांच्या वासानं अख्खं म्हैसूर भरलेलं असतं. तिनं ते सोलूनच आणले होते. “चेन्नागि हेळिद्रि सार,” ती म्हणाली. छान सांगितलंत.

मी पिशवी घेतली.

घरी बायकोनं त्या दाण्यांचं उप्पीट केलं. मी दोनदा वाढून घेतलं. खासदारबाई काय म्हणाल्या ते तिला सांगितलं. “गोड म्हणाल्या?” ती म्हणाली. “त्यांना गाडी लागली असेल, घाटातून आल्या असतील.” पण तिला आनंद झाला होता. आपला नवरा दिल्लीपुढे मराठी बोलला, हे तिनं शेजारी सांगितलं, फोन करून साताऱ्याला सांगितलं. भावांनी माझ्याशी बोलायचं म्हणून फोन मागितला. पुढे इथल्या मराठी लोकांच्या एका कार्यक्रमात मला प्रमुख पाहुणा केलं, मातृभाषा कशी जपावी यावर बोलायला. मी गेलो. बोललो. त्यांनी मला नारळ दिला.

मग अहवाल आला. संस्थेच्या संगणकावर मी तो उघडला. आमच्या दौऱ्याबद्दल त्यात एकच परिच्छेद होता. समितीनं अमुक जिल्ह्यात तळ्यांची पाहणी केली, लाभार्थी समाधानी असल्याचं आढळलं, हा प्रयोग इतरत्र वाढवावा, अशी शिफारस. काही काळानं सरकारचं उत्तरही आलं: शिफारस मान्य. संसदीय देखरेखीची साखळी अगदी मी वर्गात शिकवतो तशीच चालली होती. एकही कडी निसटली नव्हती. फक्त पहिली कडी मी होतो.

‘समाधानी’ हा शब्द माझा. तो दोन्ही सभागृहांच्या पटलावर ठेवला गेला. आमच्या घराण्यातून इतक्या वर पोचलेलं दुसरं काही नाही.

शिफारस मान्य झाली म्हटल्यावर तळी आली. आसपासच्या गावांत, एकेक करून, आणि दरवेळी सामाईक, सपाट, मोकळ्या जागेवर. म्हणजे कुठे, ते आता वाचणाऱ्यालाही कळलं असेल. मी प्रत्येक उद्घाटनाला हजर होतो. बेडूक सगळीकडे वेळेवर आले.

गेल्या कापणीच्या वेळी मला पुन्हा त्या गावात जावं लागलं. काम दुसरंच होतं. आदल्या आठवड्यात अवेळी पाऊस होऊन गेला होता. वळणावर रस्त्यावर भात होतंच, पण आता त्यातून हिरवे कोंब डोकावत होते. बायका ते वरखाली करत होत्या. अक्का त्यांच्यातच होती, डोक्याला टॉवेल बांधून. मला बघून हसली.

“या सार. बघा, आम्ही रस्त्यावरच शेती करतोय आता. लावायलाही नको.”

मी काहीतरी पुटपुटलो. ती काठीवर टेकून उभी राहिली.

“दिल्लीचं काय झालं हो? त्या अम्मांनी काही कळवलं का?”

“कशाचं?” मी म्हणालो, जसं काही मला माहीत नव्हतं.

“खळ्याचं! तुम्हीच तर सांगितलंत त्यांना. मी इथे सगळ्यांना सांगते, सारनी आमचं सगळं नीट सांगितलं, अम्मा हसल्यासुद्धा. दिल्ली लांब आहे, वेळ लागणारच.” मग बाजूच्या बाईकडे वळून, “ही मला म्हणते, दिल्लीवाले विसरले. मी म्हणते, अगं, एवढं समोर बसून ऐकलंय, विसरतील कसे?”

बाजूची बाई म्हणाली, “अक्का, तुझं ऐकून विसरता येत नाही, हे खरं आहे. आम्ही प्रयत्न केलाय.”

सगळ्या हसल्या. अक्का सगळ्यात जास्त. आणि मी म्हणालो, “येईल उत्तर. येईल.”

म्हणजे दुसऱ्यांदा. या वेळी शब्दांची काही अडचण नव्हती. कन्नड माझी चांगली आहे.

त्यानंतर आमच्याकडे पेपरात एक जाहिरात आली. अनुकूलनाचा नवा आराखडा होतोय, संसदेची समिती त्याची छाननी करते आहे, कुणाला काही म्हणायचं असेल तर लेखी पाठवा. अशा जाहिराती येत असतात; मी वर्गात त्यांच्याबद्दलही एक वाक्य बोलतो. जाहिरात मी कापून ठेवली आणि मग तिच्याकडे बघायचं टाळत राहिलो. शेवटी ही पानं भरायला घेतली, कारण गप्प राहून राहून मला नेमकं काय म्हणायचंय तेच कळेनासं झालं होतं.

माझी मराठी अजूनही तपासून घ्यावी लागते, आणि घरात तपासणारी एकच आहे. म्हणजे लिहायला घेतलं तेव्हाच ठरलं होतं की तिला कळणार. दुपारची कॉफी झाल्यावर पानं तिच्यापुढे ठेवली आणि मी बागेत जाऊन, पाणी घातलेल्या झाडांना पुन्हा पाणी घातलं.

ती बाहेर आली तेव्हा हातात लाल पेन होतं. मी चुका केल्या होत्या, आणि तिनं त्या सुधारल्याही होत्या. पानं तिनं नीट एकावर एक लावली. मग म्हणाली, “म्हणजे ते उप्पीट आपण खाल्लं.”

“हो.”

“आणि मी सगळ्या गल्लीला सांगत फिरले.”

“हो.”

“साताऱ्याला पण.” ती पायरीवर बसली. “अहो, मला विचारलं असतंत ना. खळं. एवढासा शब्द. फोन लावायचा होता.”

“लाज वाटली.”

“कुणाची?”

“तुझी,” मी म्हणालो. हे मी पहिल्यांदाच बोललो, आणि बोलल्यावर लक्षात आलं की ते अर्धंच खरं आहे.

ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. तिनं पेनाचं टोपण लावलं. “तिला सांगितलंत?”

“कुणाला?”

“अक्काला. दुसऱ्या कुणाला?”

“नाही.”

“मग मला आधी कशाला सांगताय?”

मी रिकामी झारी उचलून पुन्हा नळाखाली धरली.

समितीला मात्र मी लिहिलं. त्यात अक्काचं म्हणणं सबंध लिहिलं, बेडकांसकट. त्या दिवशी दुभाषा मी होतो आणि मी ते सांगितलं नाही, हेही लिहिलं. खाली सही केली. संस्थेच्या डोक्यावरून पाठवलं म्हणून संचालक नाराज झाले. ओरडले नाहीत, त्यांचा तो स्वभाव नाही. फक्त म्हणाले, “आपण सगळेच जुळवून घेतोय. तुम्हालाच काय अडचण आहे?” दिल्लीहून पोच आली. मजकूर मिळाला, सदस्यांपुढे ठेवला जाईल. आता त्यांतलं कुणी वाचेल का, खळं होईल का, पुढची तळी थांबतील का, मला माहीत नाही. जुन्या बाई समितीवर आहेत की नाहीत तेही माहीत नाही. असल्या, आणि त्यांनी वाचलं, तर माझ्या मराठीबद्दलचं मत त्या बदलतील.

दिल्लीला सांगणं सोपं गेलं. दिल्ली समोर उभी राहून हसत नाही. दिल्ली पदराखालून पिशवी काढून देत नाही.

कृष्णराजनगरची बस आमच्या घरापासून फार लांबून सुटत नाही. बायकोनं दोनदा विचारलं, कधी जाताय. मी म्हटलं, जाईन. तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही, हे मला जास्त लागलं.

अक्का अजूनही वळणावर उभी राहून गावाला सांगते आहे की सारनी सगळं नीट सांगितलं. मी सांगितलं नव्हतं. हे तिला तिच्या तोंडावर, तिच्या भाषेत, बाकीच्या बायकांसमोर सांगणं, एवढं माझ्याकडे अजून बाकी आहे.